वरची मूठ

मी भित्री नाही, हे आधी सांगून ठेवते. मुलुंडच्या आमच्या गल्लीत मला तोंडाळ म्हणतात आणि ते खरं आहे. पिठाची गिरण चालवायची तर तोंड लागतंच. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची एकदा सवय झाली की घरातही आवाज खाली येत नाही. काट्यावर बोट ठेवतेस का, असं विचारणाऱ्या बाईला मी तिचं दळण उचलून घरी न्यायला सांगितलेलं आहे. गाळा बिल्डरच्या घशात जाऊ नये म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकटी उभी राहून भांडलेली आहे. तेव्हा कधी हात थरथरले नाहीत. आता ज्वारीचा डबा हातात घेतला की थरथरतात.

गिरण माझ्या वडिलांची. कापडाची गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी हा गाळा घेतला, मागच्या खोलीत आम्ही राहायला आलो आणि पुढे दळण सुरू झालं. वडील गेले, भावाने नोकरी धरली होती, माझं लग्न मोडलं होतं, तेव्हा गिरण माझ्याकडे आली आणि गिरणीबरोबर आईही. दोन्ही जुन्या, दोन्हींना तेलपाणी लागतं आणि दोन्ही माझ्यापेक्षा जास्त आवाज करतात, असं मी गमतीने म्हणायचे.

दळणात घट येते, हे बऱ्याच लोकांना पटत नाही. थोडं पीठ दगडांत राहतं, थोडं कापडी नळीला चिकटतं, थोडं उडतं. जेवढं ओतलं तेवढं परत मिळत नाही. बाकीचे गिरणवाले यावर भांडतात, पण माझ्या वडिलांनी यावर एक नेम काढला होता. गल्ल्याशेजारी आमच्या स्वतःच्या गव्हाच्या पिठाचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा आणि गिऱ्हाइकाचं दळण बांधण्याआधी त्यात आमच्याकडची एक मूठ वरून पडायची. गव्हाला तर घालायचेच, पण ज्वारी-बाजरीलाही घालायचे, कारण मूठभर गव्हाने भाकरी थापायला सोपी जाते. डाळीच्या पिठाला तेवढी घालत नसत. "गिऱ्हायकाचो डबो उणो जाता नये," हे त्यांचं एकच व्यापारी तत्त्व. लोक त्या मुठीसाठी दोन गल्ल्या ओलांडून यायचे. वडिलांमागे मूठ घालायचं काम आईकडे आलं. ऐंशी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, पण गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून मूठ मात्र अजून भरगच्च घालते. घालत असे.

माझा भाचा अंधेरीला एका ऑफिसात गिऱ्हाईक खूश ठेवायचं काम करतो. त्याला या कामाचाच पगार मिळतो, हे मला अजून खरं वाटत नाही. समोर तयार पिठाच्या पिशव्या विकणारं मोठं दुकान आलं आणि आमची दळणं कमी झाली तेव्हा तो मला शिकवायला आला. "आत्या, कस्टमर फर्स्ट. तुला काय सोयीचं आहे ते सोड, त्याला काय पाहिजे ते बघ. नाही हा शब्दच काढून टाक." मी म्हटलं, तुझे आजोबा हे तुझ्याआधी करून गेले. तरी त्याने एक पाटी रंगवून आणली आणि दारावर लावली: 'तुम्ही सांगाल तसे दळून मिळेल.' मला पाटी आवडली, खोटं कशाला बोलू.

ती पाटी वाचूनच ती बाई आत आली. पस्तिशीची असेल. माहेर-सासर मराठवाड्यातलं, नोकरी साकीनाक्याच्या एका कारखान्यात, घर आमच्यापासून चार बिल्डिंगी पलीकडे. हातात ज्वारीचा स्टीलचा डबा होता, पण तो ती काउंटरवर ठेवीना.

"ताई, ह्या मशीनमध्ये गहू दळता का?"

"गव्हाचं मशीन वेगळं. हे बाकी सगळ्याचं."

"बाकी सगळं म्हणजे? भाजणी?"

"भाजणीही."

"भाजणीत गहू असतो ना."

मी जरा चिडलेच. म्हटलं, असतो, मग? तेव्हा तिने सांगितलं. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला गहू चालत नाही. अंगावर पुरळ येतं तसलं न चालणं नाही. गहू पोटात गेला की आतड्याला आतून जखम होते, खाल्लेलं अंगी लागत नाही, वाढ थांबते. औषध नाही. आयुष्यभर गव्हाचा कणही न खाणं, हाच उपाय. "कण म्हणजे कणच हो ताई," ती म्हणाली. "बाहेरचं ज्वारीचं पीठ आणलं तर त्यातही निघतो. घरगुती चक्की घेऊ म्हटलं तर एका खोलीत ठेवू कुठं? वरून सासूबाई म्हणतात, नाटकं आहेत सगळी."

पाटी माझ्या डोक्यावर होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

मग तिनेच विचारलं, "नवरात्रात उपासाचं पीठ कसं दळता?" मी म्हटलं, मशीन पूर्ण उघडते, दगड घासते, ब्रश मारते, नळी बदलते, राजगिऱ्याला खरकटं लागू देत नाही. ती म्हणाली, "मग माझ्या मुलीचा रोजच उपास आहे असं समजा."

सोमवारी आमची गिरण बंद असते आणि तिच्या कारखान्यालाही तीच सुट्टी. म्हणून सोमवार दुपार ठरली. बंद गिरणीत हवेत पीठ नसतं. मी दुसरं मशीन उघडायचे, दगड कोरड्या ब्रशने घासायचे, व्हॅक्यूम लावायचे, ज्वारीसाठी शिवून घेतलेली वेगळी नळी चढवायचे. तिच्याच ज्वारीतले दोन ओंजळी दाणे आधी दळून ते पीठ चिमण्यांना टाकायचे आणि मग तिचं दळण. आई सवयीने स्टुलावर असायची. ती बाई दारात उभी राहून बघायची आणि अधूनमधून फोनवर माहेरच्यांशी बोलायची. दळण झालं की मी मागे जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग झाकण लावून डबा तिच्या हातात द्यायचे.

पहिल्या सोमवारी गंमत वाटली. दुसऱ्या सोमवारपासून भीती बसली. लोकांचं पीठ जाड निघालं तर पोळ्या जाड होतात, पुढच्या वेळी ते शिव्या घालतात आणि विषय संपतो. इथे माझ्या ब्रशमधून एक चिमूट सुटली तर एका पोरीच्या आतड्याला जखम, आणि डोळ्यांना काही दिसणार नाही. गहू आणि ज्वारी पिठात वेगळे ओळखता येत नाहीत. आयुष्यभर पीठ हे माझ्या केसांत, भुवयांत, श्वासात होतं. ते मला आता कुठेही बसलेलं दिसू लागलं. दळण देऊन झाल्यावर रात्रीपर्यंत माझं मन मशीनच्या एकेका सांध्यावरून फिरत राहायचं. मुलगी मी एकदोनदाच पाहिली होती. आठ वर्षांची, पण सहाचीही वाटू नये अशी. मोठे डोळे आणि काडीसारखे हात.

काही महिन्यांनी त्या आई-मुलीचे रक्ताचे रिपोर्ट झाले. आईचा म्हणजे उगाच, आपल्यालाही आहे का ते बघायला. तिचा चांगला आला. मुलीचा मात्र जसाच्या तसा. गहू पूर्ण बंद करूनही आकडे खाली यायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, कुठूनतरी गहू जातोय.

ती सोमवारी आली तेव्हा चेहरा उतरलेला. मी सरळ विचारलं, "माझ्याकडून तर जात नसेल ना गं?"

"तुमच्याकडून कसा जाईल? मी समोर उभी असते. तुम्ही एवढं करता, तेवढं आमच्या घरातलं कुणी करत नाही." मग खाली बघून म्हणाली, "शाळेत खात असेल. मैत्रिणींच्या डब्यातली चपाती, बिस्किटं. विचारलं तर रडते, नाही खाल्लं म्हणते. परवा मारलं मी तिला."

मला त्या वेळी बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. पोरीने खाल्लं असेल तर मी सुटले. तरी भीती गेली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं झालं. मी नवी नळी शिवून घेतली. दगडांना टाकी लावून धार देणाऱ्या माणसाला बोलावून मशीन आतून दाखवलं. तो म्हणाला, ह्याच्यापेक्षा स्वच्छ माझं जेवणाचं ताट नसतं. पुढचा रिपोर्ट आला. आकडा थोडा वरच गेला होता.

त्यानंतरच्या सोमवारची गोष्ट. दळण झालं, डबा गेला. मी शटर अर्धं ओढून मागे आले. आई पाट ओढून भाजी निवडत होती, खुशीत होती.

"आज पोरीच्या डब्यात बरी भरून मूठ घातलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "कोणाच्या?"

"त्या किडकिड्या पोरीच्या. तू चिमण्यांका घालून घालून तिचो डबो उणो करतस. बापडी आवस काय बोलणा नाय, पण माका दिसता."

दाराची चौकट धरून उभी राहिले. विचारलं, "आजच घातलीस?"

आईने देठ मोडला. "तू हात धुवक जातस तेव्हा घालतंय. ती फोनार असता. तुझ्या बापाशीचो नेम तो, मी मोडू काय?"

"आई, मी तुला सांगितलं होतं, तिला गहू चालत नाही."

"उपास म्हणालंस. उपासाक जोंधळे खय चालतत? माका वाटला, तुमचा कायतरी खूळ. गहू खावन कोण मेलो हा आजपर्यंत? पोरगी जरा धरली असती अंगान."

तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं, आणि माझं ते प्रसिद्ध तोंड, त्यातून शब्द निघेना. मशीन मी आरशासारखं ठेवलं होतं. दर सोमवारी, सगळं घासून पुसून झाल्यावर, आमच्या घराण्याच्या चांगुलपणाची एक मूठ त्या डब्यात पडत होती. आणि उपास हा शब्द आईला मीच दिला होता. नीट बसवून, समजावून सांगायला मला वेळ नव्हता.

पहिलं म्हणजे आजचं पीठ थांबवायचं होतं. मी फोन लावला. ती जिन्यात असावी, धाप लागलेली. मी म्हटलं, "अगं, आजच्या पिठाला हात लावू नकोस. मशीन नीट साफ झालं नव्हतं, मला शंका येते आहे. मी दुसरी ज्वारी आणून दळून देते."

म्हणजे खोटंच बोलले. पण त्या क्षणी मला ते शहाणपणाचं वाटलं. आईचा पत्र्याचा डबा आजच उचलून टाकला की विषय संपेल. पोरगी बरी होईल. कुणाला काही कळणार नाही. गल्लीत नाव राहील, म्हाताऱ्या आईला या वयात कुणी बोल लावणार नाही. समोरच्या दुकानवाल्याला फुकटचं खाद्य मिळणार नाही. नाव गेलं तर ही गिरण चार महिन्यांत बंद होईल आणि आम्ही दोघी मागच्या खोलीसकट रस्त्यावर येऊ, हे मला लख्ख दिसत होतं. पाचावर धारण बसलेल्या माणसाला किती भराभर सुचतं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "किती जपता हो ताई तुम्ही." फोन तिने ठेवला नव्हता. मुलगी शाळेतून आलेली असावी, कारण आवाज बदलला आणि मला ऐकू आलं, "हा डबा भरलेला परत कसा आला? भाकरी तशीच. मग दिवसभर खाल्लंस काय? कोणाचं खाल्लंस? खोटं बोलू नकोस, तोंड वर कर." आणि मग बारीक आवाजात, "भूक नव्हती आई." आणि मग फोन बंद झाला.

मी तशीच हातात फोन धरून बसले. पोरगी बरी होईल, हे खरं होतं. पण बरी झाली की तिची आई समजेल, मारल्यावर हिचं चोरून खाणं सुटलं. आणि ती पोर जन्मभर खोटारडी ठरेल. तिला स्वतःलाही कधी कळणार नाही, की आपण काहीच न करता आजारी का होतो.

मी चप्पल घातली. आईने विचारलं, खय चललंस? चार बिल्डिंगी म्हणजे काही अंतर नाही, पण मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याने हाक मारली, काय काकू, सोमवारी पण फिरतीवर? मी हसले. परत फिरावं, असं प्रत्येक जिन्याला वाटलं. तिचा नवरा घरात असेल, तो चारचौघांत आरडाओरडा करेल, पोलीस बोलावेल, असंही वाटलं.

दार मुलीने उघडलं. गालावर पाणी सुकलेलं. शाळेचा गणवेश अजून अंगावर, बाही पार कोपराखाली लोंबत होती. आत तिची आई ज्वारीचं ते पीठ कचऱ्याच्या पिशवीत ओतत होती. मला बघून ती लगबगीने उठली, "अहो ताई, तुम्ही कशाला आलात, मी आले असते."

मी उंबऱ्यातच सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण दुसरा दम मिळणार नाही हे मला माहीत होतं. मशीन स्वच्छ होतं. माझी आई दर वेळी गव्हाच्या पिठाची मूठ घालत होती. पहिल्यापासून. मी तिला नीट सांगितलं नव्हतं. मघाशी फोनवर मी खोटं बोलले.

तिने पिठाची पिशवी खाली ठेवली. आता ओरडेल, आता हात उगारेल, म्हणून मी अंग आवळून उभी होते. पण मध्येच ती पोरगी बोलली. रागाने नाही, भांडून नाही. किल्ली सापडल्यावर माणूस बोलतो तसं बोलली.

"बघ. मी नव्हतं खाल्लं."

तिची आई मटकन खाली बसली. पिठाचे हात तसेच. मुलीला जवळ घ्यायला ते पुढे केले आणि मग त्या हातांकडे बघून मागे घेतले. ते पीठही तिला लागायला नको होतं. ती रडत धावत मोरीत गेली आणि साबण लावून हात धुवत राहिली. मुलगी दारात उभी राहून वाट बघत होती. मला वाटतं, मी तिथून निघाले हे दोघींनाही कळलं नसेल.

आईला मी संध्याकाळी सांगितलं. या वेळी खाली बसून, तिचा हात हातात घेऊन, आतडं म्हणजे काय इथपासून. तिने आपला तळहात उघडून बघितला. "माझ्याच हातान गो?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती स्टुलावर बसत नाही. पत्र्याचा डबा मी काढून टाकला. गिऱ्हाइकांनी मूठ का बंद केली म्हणून विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. काही तुटले. काहींनी विचारलं, मग आमच्या भाजणीत काय काय जातं? तेही सांगितलं. भाचा म्हणाला, "आत्या, एवढं सांगायची गरज नव्हती, कस्टमर घाबरतो." मी म्हटलं, घाबरू दे, त्याच्या पोटात जाणार आहे.

पुढच्या सोमवारी मी शटर उघडून बसले. ती येणार नाही, याची खात्री होती. ती आली. मुलीला घेऊन आली, ज्वारी घेऊन आली. डबा काउंटरवर ठेवला. मला धीर होत नव्हता, तरी विचारलं, "परत माझ्याकडे?"

"दुसरीकडे कुठं जाऊ?" ती म्हणाली. "तिथंही असंच काहीतरी होईल. फक्त मला कळणार नाही."

तेव्हापासून ती फोन घेत नाही. आत येऊन बसते आणि माझ्या हातांवरची नजर हलवत नाही. पूर्वीसारखं बोलत नाही, हसत नाही. मुलगी डब्याचं झाकण स्वतः लावते. माझे हात थरथरतात ते तिला दिसतं.

पुढचा रिपोर्ट या महिनाअखेर आहे. मला त्याची इतकी भीती वाटते की कॅलेंडरकडे बघवत नाही. आकडा तसाच राहिला, तर गहू अजून कुठूनतरी जातोय आणि पोरगी अजून आतून सोलवटतेय. आकडा उतरला, तर इतके महिने तिला आजारी ठेवणारी मूठ आमचीच होती, हे कागदावर येईल, आणि माझी आई ते ऐकेल. संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा मी एकच मागते. आकडा उतरू दे. दोष आमचाच निघू दे.